वाइडस्क्रीन की फुल स्क्रीन? डीव्हीडीवरच्या काळ्या पट्ट्यांचा हिशेब

एकाच चित्रपटाच्या दोन डीव्हीडी शेजारी ठेवल्या, तर वेष्टनावरचे चित्र तेच असते, कलाकार तेच असतात आणि कालावधीही मिनिटाला मिनिट जुळतो. फरक असतो तो वरच्या कडेला छापलेल्या एका बारीक पट्टीत. एकीवर ‘वाइडस्क्रीन’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘फुल स्क्रीन’. मार्च १९९७ मध्ये डीव्हीडी अमेरिकेच्या बाजारात आली आणि त्यानंतरची साधारण दहा वर्षे तिथल्या ग्राहकाला प्रत्येक खरेदीच्या वेळी या दोहोंतून एक निवडावी लागत असे. आपल्याकडे हा पर्याय इतक्या उघडपणे दुकानात मांडला गेला नाही. तरीही परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या, जुन्या बाजारातून उचललेल्या किंवा एखाद्या संग्रहातून हाती आलेल्या डीव्हीडी आजही पाहिल्या जातात आणि त्यांतली कोणती ठेवावी, कोणती सोडावी हा प्रश्न निघतोच.

त्या काळी बहुतेकांनी सरळ हिशेब केला: फुल स्क्रीन घेतली की टीव्ही काठोकाठ भरतो, वाइडस्क्रीन घेतली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, तेव्हा पैसे मोजून काळ्या पट्ट्या कशाला विकत घ्यायच्या? हा हिशेब टीव्हीच्या काचेचा होता, आणि विकत घेतलेली वस्तू होती चित्रपट. दिग्दर्शकाने आणि छायाचित्रकाराने कॅमेऱ्यामागे उभे राहून जी चौकट आखली, ती पूर्ण कोणत्या डीव्हीडीत मिळते, एवढेच खरे तर पाहायचे असते. बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘वाइडस्क्रीन’ असे येते, पण नेहमीच येत नाही, आणि ते का येत नाही हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

चौकटीचा आकार सांगताना रुंदीला उंचीने भागून येणारा आकडा वापरतात. मूकपटांच्या काळात ३५ एमएम फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी उंची धरून चौकट ठरली आणि तिचे गुणोत्तर १.३३ आले, म्हणजेच चारास तीन. बोलपट आल्यावर त्याच फिल्मवर ध्वनीच्या पट्टीला जागा द्यावी लागली, तेव्हा थोडी जुळवाजुळव करून हॉलिवूडने १९३२ मध्ये १.३७ हे माप प्रमाण मानले. या दोहोंतला फरक सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे टीव्ही आला तेव्हा त्याने सिनेमाचाच आकार उचलला, आणि काही काळ सिनेमाचा पडदा व टीव्हीची काच यांचा आकार जवळजवळ एकच राहिला.

तंटा सुरू झाला तो १९५० च्या दशकात. अमेरिकेतला प्रेक्षक संध्याकाळी घरीच टीव्हीसमोर बसू लागला, तेव्हा घरात मिळणार नाही असे काहीतरी दाखवणे स्टुडिओंना भाग पडले. सप्टेंबर १९५२ मध्ये तीन प्रोजेक्टर एकत्र चालवून वक्र पडदा भरून टाकणारा सिनेरामा आला, आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आला. सिनेमास्कोपची युक्ती स्वस्त आणि मोठी हुशारीची होती. फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी क्रेतियाँ यांनी १९२० च्या दशकात तयार केलेल्या भिंगाच्या धर्तीवरचे भिंग कॅमेऱ्याला लावले की रुंद दृश्य आडव्या दिशेने निम्मे आक्रसून नेहमीच्याच फिल्मवर उमटत असे, आणि चित्रपटगृहात प्रोजेक्टरवरचे तशाच जातीचे भिंग ते पुन्हा दुप्पट ताणत असे. या भिंगाला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. हा शब्द पुढे डीव्हीडीच्या पाकिटावर पुन्हा भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. सिनेमास्कोपची चौकट आरंभी २.५५, मग २.३५ आणि १९७० नंतर २.३९ झाली, तरी पाकिटावर बरेचदा जुनाच २.३५ चा आकडा छापलेला दिसतो. ज्यांना हे भिंग वापरायचे नव्हते, त्यांनी साध्याच चित्राचा वरचा-खालचा भाग झाकून चौकट रुंद केली. अमेरिकेत अशी चौकट १.८५ वर स्थिरावली, तर युरोपात बराच काळ १.६६ प्रचलित राहिली.

भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ हा १९५९ चा. ‘शोले’ (१९७५) ३५ एमएमवर चित्रित होऊन ७० एमएमच्या प्रिंटवर वाढवला गेला, आणि ७० एमएमची चौकट २.२० ची असते. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला तेव्हा लोक त्या पडद्याच्या विस्तारासाठीही तिकीट काढत होते, हे विसरून चालणार नाही.

असे रुंद चित्र चारास तीन आकाराच्या टीव्हीवर दाखवायचे तर मार्ग दोनच. पहिला मार्ग चित्र अखंड ठेवून लहान करण्याचा. त्यात रुंदी टीव्हीच्या रुंदीएवढी होते आणि वर-खाली जागा रिकामी राहते. याला लेटरबॉक्स म्हणतात. हिशेबापुरता एकवीस इंची टीव्ही घेतला, तर त्याची काच सुमारे १७ इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच भरते. त्यावर २.३५ चा चित्रपट अखंड दाखवला तर चित्राची उंची जेमतेम सात इंच येते. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसून सात इंचांच्या पट्टीत घोडेस्वार शोधणाऱ्या माणसाने कुरकुर केली, तर त्याला अरसिक म्हणणे अन्यायाचे होईल. फुल स्क्रीनची मागणी मुळात या खऱ्या अडचणीतून आली.

दुसरा मार्ग म्हणजे चित्राची उंची टीव्हीएवढी करायची आणि बाजूंना जे मावणार नाही ते कापून टाकायचे. १.८५ च्या चित्रपटाचा यात सुमारे २८ टक्के भाग जातो आणि २.३५ च्या चित्रपटाचा ४३ टक्के. अमेरिकेत एनबीसी वाहिनीने १९६१ मध्ये शनिवारी रात्री अलीकडचे मोठे चित्रपट दाखवायला सुरुवात केली, आणि त्या मालिकेतला पहिलाच चित्रपट ‘हाउ टू मॅरी अ मिलियनेअर’ हा सिनेमास्कोपमधला होता. तेव्हापासून ही काटछाट घरोघरी पोहोचली.

काटछाट प्रत्येक वेळी मधोमध करून भागत नाही, कारण बोलणारा माणूस चौकटीच्या डाव्या टोकाला असू शकतो. म्हणून तंत्रज्ञ एकेक शॉट पाहून टीव्हीची लहान चौकट कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवत असे, आणि एकाच शॉटमध्ये दोन्ही टोके महत्त्वाची असतील तर ती चौकट सरकवत असे. याला पॅन अँड स्कॅन म्हणतात. परिणाम असा की मूळ चित्रपटात कॅमेरा स्तब्ध असताना टीव्हीवर तो हलताना दिसतो. दोन टोकांना बसलेल्या दोघांचा संवाद मूळ चित्रपटात एकाच अखंड शॉटमध्ये असेल, तर टीव्हीवर आधी हा चेहरा, मग तो चेहरा असे त्याचे तुकडे होतात. म्हणजे चित्राचा काही भाग तर जातोच, शिवाय दिग्दर्शकाने न केलेले संकलन त्याच्या नावावर खपते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया, जी अभिनेत्याने खपून दिलेली असते, ती चौकटीबाहेर राहते. ती तिथे होती याचा पत्ताही प्रेक्षकाला लागत नाही. माझ्या मते या पद्धतीचा खरा दोष हाच आहे. काळी पट्टी निदान उघड दिसते, कापलेला भाग दिसत नाही.

‘बेन-हर’ (१९५९) हा २.७६ इतक्या रुंद चौकटीचा चित्रपट. त्यातल्या रथांच्या शर्यतीत एकेका रथाला चार घोडे आहेत आणि दोन रथ शेजारी आले की पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरतो. चारास तीनच्या चौकटीत त्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग जातो आणि कोण कोणाला मागे टाकतो आहे हेच कळेनासे होते. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४) मधल्या धान्याचे कोठार उभारण्याच्या प्रसंगातील नाचात सहा भाऊ, मुली आणि गावातले प्रतिस्पर्धी तरुण एकाच वेळी पडद्यावर असतात. बाजू कापल्या की नर्तक चौकटीच्या कडेला अर्धवट तुटतात. गंमत म्हणजे सगळ्या चित्रपटगृहांत तेव्हा सिनेमास्कोपची सोय नव्हती, म्हणून एमजीएमने हा चित्रपट साध्या चौकटीतही स्वतंत्रपणे चित्रित करून घेतला होता, आणि नंतर आलेल्या दोन डीव्हीडींच्या संचात दोन्ही आवृत्त्या दिल्या आहेत. त्या शेजारी ठेवून पाहिल्या की चौकट बदलली म्हणजे माणसे कुठे उभी करायची हेही बदलावे लागते, ही गोष्ट कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळते.

आपल्याकडचे उदाहरण पुन्हा ‘कागज के फूल’चेच. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन स्टुडिओत वळवून तो प्रसिद्ध तिरका झोत निर्माण केला. त्या प्रसंगात दोन माणसे आहेत, झोत आहे आणि त्यांच्याभोवतीचा विस्तीर्ण काळोख आहे. काळोखाला संवाद नसतात, त्यामुळे पॅन अँड स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाच्या दृष्टीने ती फुकट गेलेली जागा ठरते आणि पहिली कात्री तिच्यावरच चालते. प्रत्यक्षात त्या दोघांमधले अंतर सांगण्यासाठीच ती जागा रिकामी ठेवलेली असते.

दिग्दर्शकांनी याविरुद्ध आवाज उठवला नाही असे नाही. सिडनी पोलॅक यांनी आपल्या ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डर’ या १९७५ च्या चित्रपटाची कापलेली आवृत्ती दाखवल्याबद्दल डेन्मार्कच्या टीव्हीविरुद्ध दावा लावला होता. अशी काटछाट म्हणजे कलाकृतीची मोडतोड आहे हे न्यायालयाने मान्य केले, तरी निकाल मात्र त्यांच्या बाजूने लागला नाही.

इथवर वाचून फुल स्क्रीन म्हणजे कापलेले आणि वाइडस्क्रीन म्हणजे अखंड, असा नियम बांधावासा वाटेल. तो अर्धाच खरा आहे, कारण रुंद चौकटीचे सगळे चित्रपट अ‍ॅनामॉर्फिक भिंगाने चित्रित झालेले नाहीत. साध्या भिंगाने चित्रित केलेल्या पुष्कळ चित्रपटांत फिल्मवर वर-खाली जास्तीचे चित्र उमटलेले असते. चित्रपटगृहात ते झाकून मधला रुंद पट्टाच दाखवतात. टीव्हीसाठी आवृत्ती करताना हे झाकण काढले, तर बाजूंचे फारसे काही न जाता वर-खाली जास्तीचे चित्र मिळते. याला ओपन मॅट म्हणतात. अशा चित्रपटाची फुल स्क्रीन आवृत्ती मोजपट्टीने पाहिली तर वाइडस्क्रीनपेक्षा अधिक चित्र दाखवते!

पण अधिक म्हणजे चांगले असे ठरत नाही. टिम बर्टन यांच्या ‘पी-वीज बिग अ‍ॅडव्हेंचर’ (१९८५) मध्ये नायक आपल्या सायकलच्या लहानशा पेटीतून साखळी बाहेर काढतो आणि ती संपतच नाही. एवढ्याशा पेटीत एवढी साखळी मावली कशी, हा तिथला विनोद. जुन्या फुल स्क्रीन आवृत्तीत खालचा झाकलेला भाग उघडा पडला आणि साखळी खालून पेटीच्या तळातून वर ओढली जात असलेली स्पष्ट दिसू लागली. विनोद तिथेच संपला. इतर चित्रपटांत असेच वरून लोंबणारे ध्वनिग्राहक दिसतात किंवा नेपथ्याची कड दिसते. नाटकाला अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विंगेत उभा असलेला नट दिसावा, तसा हा प्रकार आहे: त्याला इतरांपेक्षा जास्त दिसते, पण ते नाटक नव्हे.

जेम्स कॅमेरॉन यांनी ही सोय जाणूनबुजून वापरली. ‘टर्मिनेटर २’ आणि ‘टायटॅनिक’ हे त्यांचे चित्रपट सुपर ३५ पद्धतीने, म्हणजे साध्या भिंगाने फिल्मची पूर्ण रुंदी वापरून चित्रित झाले, आणि घरी पाहण्याच्या आवृत्तीत कोणत्या शॉटला वर-खाली किती उघडायचे हे विचारपूर्वक ठरवले गेले. अशा चित्रपटांची फुल स्क्रीन आवृत्ती सरसकट टाकाऊ म्हणता येत नाही. मात्र त्यांतली स्पेशल इफेक्टची दृश्ये खर्चाच्या दृष्टीने बहुधा रुंद चौकटीपुरतीच तयार केलेली असतात, त्यामुळे ती टीव्हीसाठी बाजूंनी कापावीच लागतात. एकाच चित्रपटात एका शॉटला वर-खाली जास्त दिसते आणि पुढच्याला डावी-उजवीकडे कमी, असा तो मिश्र मामला असतो. स्टॅन्ली कुब्रिक तर आणखी पुढे गेले. ‘द शायनिंग’, ‘फुल मेटल जॅकेट’ यांसारखे आपले चित्रपट टीव्हीवर पूर्ण उघड्या चौकटीत दिसावेत अशीच त्यांची पसंती होती, आणि १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या डीव्हीडी तशाच होत्या. २००७ च्या नव्या आवृत्त्यांनी मात्र चित्रपटगृहातली रुंद चौकट स्वीकारली. त्यामुळे कुब्रिकचे चाहते या प्रश्नावर आजही हातघाईवर येऊ शकतात, आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत.

संगणकाने काढलेल्या चित्रपटांना तर तिसरीच वाट मोकळी होती. ‘अ बग्ज लाइफ’ (१९९८) ची चौकट २.३५ ची, आणि तिथे फिल्मवर झाकलेले असे काहीच नव्हते. पिक्सारने फुल स्क्रीन आवृत्तीसाठी काही शॉटमध्ये पात्रे एकमेकांच्या जवळ सरकवली, काही ठिकाणी वर-खाली नवे चित्र तयार करून घेतले, आणि जिथे हे जमले नाही तिथेच काप दिला. फुल स्क्रीनचे याहून सभ्य काम क्वचितच झाले असेल. हाडामांसाच्या नटांना वीस वर्षांनी जवळ सरकवता येत नाही, म्हणून इतरांना हा मार्ग बंद होता.

आता मुळातच चौकोनी असलेल्या चित्रपटांकडे यावे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा १९५३ पूर्वीचा जवळजवळ कोणताही चित्रपट चारास तीनच्या आसपासच्या चौकटीतच चित्रित झाला. त्यांच्या बाबतीत चौकोनी आवृत्ती हीच अखंड आवृत्ती असते, आणि अशा चित्रपटाच्या पाकिटावर ‘वाइडस्क्रीन’ किंवा ‘१६:९’ (आजच्या रुंद टीव्हीचा आकार) लिहिलेले आढळले तर सावध व्हावे: तो बहुधा वर-खाली कापलेला असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आडवा ताणलेला. ताणलेल्या चित्रात उंच सडपातळ माणूसही बुटका आणि स्थूल दिसतो; पडद्यावर एखादे चाक, घड्याळ किंवा पौर्णिमेचा चंद्र आला की तो गोल आहे की लंबगोल, एवढे पाहिले तरी शंका फिटते.

वाइडस्क्रीन घ्यायचे ठरले तरी एक तांत्रिक भेद उरतो. डीव्हीडीवर चित्राच्या आडव्या ओळी ठरलेल्या असतात: आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५७६ आणि अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ४८०. साध्या लेटरबॉक्स डीव्हीडीवर काळ्या पट्ट्या चित्राबरोबरच साठवलेल्या असतात, त्यामुळे २.३५ च्या चित्रपटाला पाल पद्धतीत ५७६ पैकी सुमारे ३२७ ओळीच मिळतात. उरलेल्या ओळी काळा रंग साठवण्यात खर्ची पडतात. अ‍ॅनामॉर्फिक डीव्हीडीवर चित्र उभे ताणून साठवलेले असते आणि १६:९ चा टीव्ही ते आडवे पसरून योग्य आकारात आणतो, त्यामुळे तोच चित्रपट सुमारे ४३६ ओळी घेतो. तपशील एक तृतीयांशाने वाढतो, आणि मोठ्या पडद्यावर तो फरक नजरेत भरतो. इथे अ‍ॅनामॉर्फिक या शब्दाचा चित्रीकरणाच्या भिंगाशी संबंध नाही. तो केवळ डीव्हीडीवर चित्र कसे साठवले आहे ते सांगतो. ‘टायटॅनिक’सारख्या चित्रपटाची १९९९ ची पहिली अमेरिकन डीव्हीडीसुद्धा साधी लेटरबॉक्सच होती, तेव्हा मोठे नाव ही काही हमी नव्हे. पाकिटाच्या मागे, तांत्रिक तपशिलांच्या बारीक अक्षरांत ‘अ‍ॅनामॉर्फिक’ किंवा ‘एन्हान्स्ड फॉर १६:९’ असे लिहिलेले शोधावे. आपल्याकडे ज्यांनी आधी व्हीसीडीवर चित्रपट पाहिले, त्यांचा वाइडस्क्रीनबद्दलचा राग समजण्यासारखा आहे: व्हीसीडीवर मुळात २८८ ओळी, त्यातून लेटरबॉक्स केल्यावर चित्राच्या वाट्याला उरत जेमतेम १६३.

सर्वात मोठा बदल मात्र डीव्हीडीत झाला नाही, तो टीव्हीत झाला. १६:९, म्हणजे १.७८ हा आकार अमेरिकन अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी १९८० च्या दशकात सुचवला, १.३३ आणि २.३५ या दोन टोकांच्या मधोमध बसणारा तो तडजोडीचा आकार आहे. आज घरोघरी तोच आहे. त्रेचाळीस इंची टीव्ही सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो. त्यावर २.३५ चा अखंड चित्रपट लावला तर वर आणि खाली अडीच-अडीच इंचांच्या काळ्या पट्ट्या येतात. त्याच चित्रपटाची फुल स्क्रीन आवृत्ती लावली तर चित्र अठ्ठावीस इंच रुंद होते आणि डावी-उजवीकडे पावणेपाच इंच काळे राहतात. क्षेत्रफळ काढले तर दोन्ही प्रसंगी पडद्याचा जवळजवळ सारखाच, सुमारे पाव भाग रिकामा राहतो. फरक इतकाच की पहिल्यात सगळा चित्रपट असतो आणि दुसऱ्यात त्यातला ४३ टक्के भाग आधीच गेलेला असतो. फुल स्क्रीनची एकमेव सोय होती ती पडदा भरण्याची, आणि नव्या टीव्हीवर तीही उरलेली नाही.

चांगली अ‍ॅनामॉर्फिक डीव्हीडी लावूनही चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकलेले दिसत असेल, तर डीव्हीडीला दोष देण्याआधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये जावे. तिथे ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘टीव्ही अ‍ॅस्पेक्ट’ अशा नावाखाली ‘४:३ पीएस’, ‘४:३ एलबी’ (म्हणजे लेटरबॉक्स) आणि ‘१६:९’ असे तीन पर्याय असतात. अनेक प्लेअर कारखान्यातून निघताना ‘४:३ एलबी’वर असतात आणि घरी आल्यावर ते कोणी बदलत नाही, नव्या टीव्हीसाठी तिथे ‘१६:९’ निवडावे लागते. ‘पीएस’ म्हणजे पॅन अँड स्कॅन: डीव्हीडीत साठवलेल्या सूचनांनुसार प्लेअरनेच बाजू कापाव्यात अशी ती कल्पना होती, पण त्या सूचना डीव्हीडीवर भरण्याचे कष्ट जवळजवळ कोणी घेतले नाहीत. टीव्हीच्या रिमोटवरचे ‘झूम’ एकाच परिस्थितीत उपयोगी आहे. साध्या लेटरबॉक्स डीव्हीडीचे चित्र चारी बाजूंनी आत आक्रसलेले दिसते, तेव्हा ‘झूम’ केल्याने ते टीव्हीच्या रुंदीएवढे होते आणि काही कापले जात नाही. फक्त सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत छापलेली असतील तर ती पडद्याबाहेर जातात. इतर वेळी ‘झूम’ म्हणजे घरच्या घरी केलेले पॅन अँड स्कॅनच, तेही कोणी न पाहता केलेले.

काही जुन्या अमेरिकन डीव्हीडी दोन्ही बाजूंनी चालतात, एकीकडे वाइडस्क्रीन आणि दुसरीकडे फुल स्क्रीन. त्यांच्यावर चित्र छापायला जागा नसते. कोणती बाजू कोणती हे मधल्या छिद्राभोवतीच्या कड्यावर अगदी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. प्लेअर खालची बाजू वाचतो, पण तिचे नाव सहसा उलट, म्हणजे वरच्या बाजूवर छापलेले असते; म्हणून हवे ते नाव वर ठेवून डीव्हीडी आत सरकवावी.

अलीकडे कात्रीची दिशा उलटली आहे. आता टीव्ही रुंद आहे आणि जुने कार्यक्रम चौकोनी आहेत, म्हणून ‘पडदा भरण्यासाठी’ त्यांचे वर-खाली कापले जाते आणि सुमारे पाव भाग जातो. ‘द सिम्पसन्स’ ही मालिका २०१९ मध्ये डिस्नी प्लसवर आली तेव्हा तिचे जुने भाग असेच कापलेले होते. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय द्यावा लागला. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर कापून आली, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात तो खड्डाच चौकटीच्या खाली गेला. जुन्या हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या वाहिन्यांवरच्या व इंटरनेटवरच्या प्रतींतही हे वारंवार आढळते: गाण्यात नायिकेच्या कपाळावरचा भाग गेलेला असतो आणि लावणीत पायांतले चाळ. तेव्हा १९५३ पूर्वीच्या एखाद्या चित्रपटाची चारास तीनमधली जुनी डीव्हीडी कपाटात असेल, तर इंटरनेटवर तोच चित्रपट अधिक स्वच्छ मिळतो म्हणून ती लगेच रद्दीत घालू नये. एकच दृश्य दोन्हींकडे थांबवून डोक्यावरची आणि पायाखालची जागा ताडून पाहावी. आकडे माहीत नसले तरी कोणती प्रत कापलेली आहे हे त्यात उघड होते.